काळोख भरू नका, आधी दिवा ठेवा: भुयारातली गॉथिक स्त्री पहिल्यांदा रंगवणाऱ्यांसाठी

गॉथिक स्त्री, जमिनीखालची जुनी जागा, भोवती काळोख. हे चित्र काढायला बसलेले बहुतेक नवखे पहिल्या पाच मिनिटांत सगळा कॅनव्हास काळा करून टाकतात. मीही तेच केलं होतं. महिनाभर रात्री जागून काढलेलं चित्र छापायला दिलं आणि हातात आला तो डांबरासारखा एक चौकोन, मधोमध पांढुरका चेहरा. पडद्यावर दिसणाऱ्या कमानी, पायऱ्या, झग्याची लेस, सगळं कागदाने गिळलं होतं. छापणाऱ्याची चूक नव्हती. या चित्रात उजेड कुठून येतो, हे मी कधी ठरवलंच नव्हतं.

नंतर तेच चित्र मी तीनदा नव्याने काढलं. खालचा क्रम त्यातून हाती लागला आहे. मी क्रिटा वापरते, त्यामुळे कळा आणि पर्याय त्यातले सांगते. तुमच्याकडे दुसरं सॉफ्टवेअर असलं तरी क्रम तोच ठेवा.

आधी हाताशी काय हवं

- दाब ओळखणारा पेन टॅब्लेट. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन, कुठलाही साधा चालेल. पडदा असलेला महागडा टॅब्लेट सुरुवातीला घेऊ नका.
- किमान ८ जीबी रॅमचा संगणक.
- क्रिटा. संगणकासाठी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं.
- साधी वही, ४बी पेन्सिल, कंपास.
- एक समई किंवा मेणबत्ती, एक काळी ओढणी आणि शक्य असेल तर मखमलीचा तुकडा. हे सामान टॅब्लेटपेक्षा महत्त्वाचं आहे, का ते पुढे येईल.
- बांधकाम आणि कपड्यांची संदर्भचित्रं. शक्यतो स्वतः काढलेले फोटो.

संदर्भासाठी दुसऱ्याचं चित्र उचलून त्यावर गिरवू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं सर्वांना मोकळेपणाने वापरायला दिली आहेत. एकोणिसाव्या शतकातले शोकाचे काळे पोशाख तिथे चुण्यांसकट, शिवणीसकट बघायला मिळतात. तेवढ्यावर तुमचे दोन आठवडे सहज जातील.

१. ती तिथे का आहे, हे ठरवा

काळे कपडे, काळे ओठ आणि रिकामी नजर एवढ्यावर चित्र उभं राहत नाही. टॅब्लेट बाजूला ठेवा आणि वहीत तीन उत्तरं लिहा. ती खाली कशासाठी उतरली? किती काळ तिथे आहे? हातातला दिवा विझला तर तिचं काय होईल?

माझ्या चित्रातली बाई तळघरातल्या थडग्यांपाशी दिवे तेवत ठेवते. एवढं ठरल्यावर बाकीचं आपोआप सुचत गेलं: बाहीवर मेणाचे थेंब, ओलीने जड झालेला झग्याचा घेर, कमरेला वातींची पिशवी, दोन बोटांवर काजळी. हे तपशील मी सजावट म्हणून शोधायला गेले असते तर सापडले नसते.

मग ती कोणत्या काळातली गॉथिक आहे ते ठरवा. या शब्दात निदान दोन वेगळे पोशाख दडलेले आहेत. एक व्हिक्टोरियन शोकाचा. १८६१ मध्ये पती अल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने काळा पोशाख धरला तो १९०१ मध्ये मरेपर्यंत सोडला नाही, आणि तिच्या मागोमाग इंग्लंडात शोकाचे कपडे, चकाकी नसलेलं क्रेप कापड, व्हिटबी गावच्या जेटचे दागिने यांचा मोठा बाजार उभा राहिला. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षं गाडलं गेलेलं लाकूड; काळंभोर, हाताला हलकं, घासलं की चमकणारं. दुसरा पोशाख १९८० च्या आसपासच्या इंग्लंडमधल्या गॉथ तरुणाईचा: चामडं, जाळीचे मोजे, विस्कटलेले केस, डोळ्यांभोवती जाड काजळ. लंडनच्या सोहो भागात १९८२ मध्ये सुरू झालेला बॅटकेव्ह क्लब हा त्यांचा अड्डा. दोन्ही एकत्र करायला हरकत नाही, पण आपण काय एकत्र करतोय हे माहीत असू द्या.

*इथला सापळा:* आपला हात नकळत हडळ काढतो. मोकळे केस, पांढरे डोळे, पुढे आलेली नखं. लहानपणापासून ऐकलेलं असतं, ते उतरतंच. पण हडळ बघणाऱ्याला घाबरवायला येते, तर गॉथिक स्त्री स्वतःच काहीतरी सोसत असते. तिच्याकडे दुःख असतं आणि त्या दुःखातही एक रुबाब असतो. चेहरा काढताना भुवया आणि खालची पापणी यांवर वेळ घालवा, दातांवर नको.

आणखी एक, मला फार मनापासून सांगावंसं वाटतं ते. गॉथिक म्हणजे गोरीपान बाई, असं काही नाही. सावळ्या त्वचेवर ज्योतीचा उजेड तांब्यासारखा उमटतो, गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर ठळक चमक येते, आणि अंधाराशी ती त्वचा जास्त सहज मिसळते. माझ्या तिसऱ्या प्रयत्नात मी बाई सावळी केली आणि चित्राला पहिल्यांदा ऊब आली.

२. पाताळ कुठल्या दगडाचं आहे?

ही पायरी लोक गाळतात आणि चित्र तिथेच खोटं पडतं. जमिनीखालची जागा म्हटलं की छतातून लोंबणारे लवणस्तंभ हमखास काढले जातात. ते चुनखडीच्या गुहांत तयार होतात: पाण्यात विरघळलेला चुना थेंबाथेंबाने साचत जातो. आंध्रातल्या बोर्रा आणि बेलम, छत्तीसगडमधली कुटुमसर, या तशा गुहा. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. वेरूळच्या किंवा घारापुरीच्या छताला तसे लवणस्तंभ लोंबत नाहीत. तिथे छिन्नीचे घाव, सरळ कापलेल्या कडा आणि खांब दिसतात. तेव्हा भुयार खोदलेलं आहे, बांधलेलं आहे की पाण्याने कोरलेलं आहे, हे आधी ठरवा.

युरोपातलं तळघर हवं असेल तर खऱ्या जागा अभ्यासा. पोलंडमधल्या व्येलिच्का मिठाच्या खाणीत जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर मिठात कोरलेलं अख्खं प्रार्थनाघर आहे, झुंबरांसकट. पॅरिसच्या भुयारांत साठ लाखांच्या आसपास माणसांच्या अस्थी रचून ठेवल्या आहेत. इस्तंबूलच्या बॅसिलिका जलाशयात ३३६ खांब पाण्यात उभे आहेत आणि दोन खांबांच्या तळाशी मेड्युसाचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांचे केस असलेल्या स्त्रीचं, मुंडकं आहे, एक आडवं, एक उलटं. कल्पनेला याहून चांगलं खाद्य मिळणं कठीण.

मी मात्र पन्हाळ्याच्या अंधार बावेत उतरले. काळ्या दगडाची तीन मजली वास्तू, वर राहण्याची जागा, तळाशी पाणी. वरच्या झरोक्यातून उजेड येतो तो पहिल्या काही पायऱ्यांवरच संपतो आणि त्यापुढे पायाला लागते ती पायरी. त्या दिवशी कळलं की काळोख सगळीकडे सारखा नसतो. तो थरांनी दाटत जातो. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर, पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या पातळीखाली असलेली पाताळेश्वर लेणी, याही जागा अभ्यासाला उत्तम. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत कॅमेऱ्याचा स्टँड न्यायचा असेल तर आधी परवानगी काढा. वटवाघळं असतील तिथे फ्लॅश मारू नका. आणि गडावरचं अनोळखी भुयार “थेट खालच्या गावात निघतं” असं कुणी कितीही सांगितलं तरी एकट्याने आत शिरू नका.

गॉथिक कमान काढायची कंपासची युक्ती: कमानीचे दोन खांब जिथे संपतात ते बिंदू अ आणि ब समजा. दोघांमधलं अंतर हीच त्रिज्या. कंपास अ वर ठेवून ब पासून वर वर्तुळखंड काढा, मग ब वर ठेवून अ पासून काढा. दोन्ही जिथे मिळतात ते टोक. वहीत दहा वेळा काढा, म्हणजे चित्रात अंदाजाने काढलेली कमानही बरोबर येईल. खऱ्या कमानी बघायच्या तर मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहेच. व्हिक्टोरियन गॉथिक शैलीतली ही इमारत १८८७ ची, आणि लोकल पकडण्याआधी दहा मिनिटं मान वर करून उभं राहिलं तरी खूप शिकायला मिळतं.

३. दिवा ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

रात्री खोलीतले दिवे बंद करा. समई लावा. घरातल्या कुणाला तरी काळी ओढणी पांघरून समोर बसवा आणि अर्धा तास फक्त बघा. मग ज्योत वीतभर जवळ, हातभर लांब, हनुवटीखाली, खांद्यामागे अशी हलवत प्रत्येक वेळी पाच मिनिटांचं रेखाटन करा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, तिप्पट झालं की नवव्या हिश्श्यावर. हे गणित शाळेत शिकलेलं असतं, पण चेहऱ्यावर उजळ दिसणारी ज्योत गुडघ्यापर्यंत पोचत नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय हातात येत नाही. माझ्या पहिल्या चित्रात मेणबत्ती छातीपाशी होती आणि झग्याची खालची लेस चेहऱ्याइतकीच स्पष्ट होती. असं कधी होत नाही.

हे सगळं एका चित्रात शिकायचं असेल तर सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ बघा. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीवर धरलेला तळवा, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगात आहे. पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. ज्योतीला सगळ्यात जवळचा भाग कोणता, साडीच्या निऱ्यांपर्यंत उजेड किती उरतो, मागची भिंत कुठे हरवते, हे पेन्सिलीने टिपून काढा. भुयारातल्या तुमच्या बाईला याहून चांगला गुरू मिळणार नाही.

मग ठरवा: मुख्य उजेड एकच. मेणबत्तीचा असेल तर पिवळा-नारिंगी. दुसरा हवा असेल तर तो फार मंद आणि थंड ठेवा, म्हणजे छतातल्या फटीतून उतरणारं चांदणं वगैरे. तिसरा नको. नवखे लोक चमकणारे स्फटिक, जांभळी अळंबी, हिरवं धुकं आणि मेणबत्ती सगळं एकदम लावतात, आणि मग डोळा कुठेच ठरत नाही.

४. काडेपेटीएवढी रेखाटनं

वहीत काडेपेटीच्या आकाराच्या बारा चौकटी आखा. प्रत्येकीत फक्त तीन टोन: काळा, करडा, कोरा कागद. तपशील शून्य. बारामधून एक निवडा, जी हातभर लांबून बघितल्यावरही “कुणीतरी दिवा घेऊन उभं आहे” एवढं सांगेल.

काळ्या पोशाखातली बाई काळ्या भिंतीपुढे उभी असेल तर ती दिसणार कशी? उपाय सोपा आहे. तिच्या मागे थोडी उजळ भिंत किंवा धुकं ठेवा आणि तिची बाह्याकृती गडद राहू द्या. किंवा उलट, मागे गच्च अंधार ठेवून खांद्याच्या आणि केसांच्या कडेला दिव्याची बारीक रेघ द्या. एकाच चित्रात डावी कड पहिल्या पद्धतीने आणि उजवी दुसऱ्या पद्धतीने केलीत तर फार छान दिसतं.

५. क्रिटात मांडणी

ए३ आकार, ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल. संगणक अडखळला तर ए४ घ्या. पार्श्वभूमी पांढरी ठेवू नका आणि काळीही नको. मध्यम करडी भरा. पांढऱ्यावर सगळे रंग गडद वाटतात, काळ्यावर सगळे उजळ.

लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, चारच: मागचं बांधकाम, स्त्री, पुढचं काही असेल तर ते, आणि सगळ्यांत वर उजेड. नावं द्या. “लेयर २७” मध्ये काय आहे हे आठवड्याने आठवत नाही.

क्रिटात तीन गोष्टींवर नवे लोक हमखास अडकतात:

- पेनाचा दाब लागत नाही. विंडोजवर सेटिंग्जमध्ये टॅब्लेटच्या पानावर विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय असतात. एक चालत नसेल तर दुसरा निवडा आणि क्रिटा बंद करून पुन्हा उघडा.
- कंट्रोल-वाय दाबल्यावर रंग अचानक बदलतात. इतर ठिकाणी ही कळ मागे घेतलेली कृती पुन्हा करते. इथे ती छपाईचा अंदाज दाखवणारं दृश्य चालू करते. परत दाबा, रंग जागेवर येतात. पुन्हा करण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-झेड.
- खालच्या आकाराबाहेर रंग जाऊ नये म्हणून इनहेरिट अल्फा लावलं तरी रंग बाहेर जातो. दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये टाका, मग ते नीट चालतं.

रोज काम संपवताना कंट्रोल-अल्ट-एस दाबा. प्रत्येक वेळी नव्या क्रमांकाची वेगळी प्रत जपली जाते. मी एकदा चेहरा बिघडवून तीच फाईल जपली होती, आणि मागे जायला काहीच उरलं नव्हतं.

६. आधी सगळं करड्या रंगात

मोठा, कडक कडेचा ब्रश घ्या. रंग गडद करायला के, उजळ करायला एल. निवडलेल्या छोट्या रेखाटनाप्रमाणे मोठे आकार भरा. खांब आणि पायऱ्यांसाठी असिस्टंट टूलमधला लोपबिंदू, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू, वापरा. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचा उतार क्षितिजावरच्या लोपबिंदूला मिळत नाही. तो त्याच्या सरळ खाली, क्षितिजाखालच्या बिंदूला मिळतो. हे चुकलं की जिना सपाट फरशीसारखा दिसतो.

शुद्ध काळा रंग वापरायचा नाही. सगळ्यात गडद जागा म्हणजे झग्याची घडी, खांबामागची खाच. तिथेसुद्धा काळ्याच्या एक-दोन पायऱ्या अलीकडे थांबा. शुद्ध पांढराही फक्त ज्योतीच्या गाभ्यात. दर वीस मिनिटांनी एम दाबून चित्र आरशासारखं उलटं बघा. वाकडा जबडा आणि कलंडलेला खांब लगेच दिसतो.

७. काळ्याचे प्रकार

गॉथिक पोशाखाची मजा इथे आहे, आणि मखमलीचा तुकडा आता लागेल. तो दिव्याजवळ धरा. आपल्याकडे तोंड असलेला भाग गडद असतो आणि वळणाऱ्या कडा उजळतात. रेशीम किंवा सॅटिनचं उलट: घडीच्या माथ्यावर अरुंद, कडक चमक आणि लगेच शेजारी गडद पट्टा. क्रेप आणि लोकर उजेड पिऊन टाकतात, चमक जवळजवळ नाहीच. चामड्यावर तुटक, अनियमित ठिपके. एका पोशाखात तीन काळी कापडं वापरलीत आणि तिन्ही वेगळी रंगवलीत तर काळ्यावर काळंसुद्धा वाचता येतं.

लेसचं प्रत्येक भोक काढत बसू नका. नक्षीची एक सरळ पट्टी वेगळ्या लेयरवर काढा, ट्रान्सफॉर्म टूलमधल्या वॉर्पने मनगटाभोवती वळवा आणि सावलीतला अर्धा भाग ब्रशने पुसट करून टाका. उजेडातली चार भोकं नीट असली की डोळा बाकीची मानून घेतो. जेटच्या मण्याला एक टोकदार ठिपका पुरे.

८. रंग चढवणं

करड्या चित्रावर कलर मोडचा लेयर (मोड म्हणजे वरचा लेयर खालच्यात कसा मिसळतो ते) टाकून पातळ रंग द्या: उजेडात गेरू आणि नारिंगी, सावलीत निळसर हिरवा किंवा जांभळट. एवढ्यावर थांबलात तर चित्र जुन्या रंगवलेल्या फोटोसारखं मातकट दिसतं. म्हणून त्यावर साध्या मोडचा लेयर घ्या आणि चेहरा, हात, ज्योतीजवळचं कापड पुन्हा रंगवा. उजेड आणि सावली जिथे मिळतात त्या त्वचेच्या कडेला लालसर छटा द्या; बोटांच्या फटीत तर हवीच.

कलर डॉज या उजळवणाऱ्या मोडने येणारी झळाळी ज्योतीभोवती, मऊ ब्रशने, एकदाच. हात सैल सोडलात तर भुयारात लग्नाची रोषणाई होते.

मध्येच टोन तपासायचे असतील तर सगळ्यांत वर काळ्याने भरलेला लेयर ठेवून त्याचा मोड कलर करा. पूर्ण चित्र करडं दिसेल. बघून झालं की तो लपवा.

९. छपाईआधी

पडदा स्वतः उजेड देतो, कागद फक्त परतवतो. त्यामुळे गडद चित्र कागदावर आणखी गडद होतं. पडद्याची चमक निम्म्यावर आणून चित्र बघा: पायऱ्या अजून दिसतात का? नसतील तर मधले टोन थोडे वर उचला. छापखान्याकडून त्यांची रंगप्रोफाईल (त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाईल) आणि फाईलचा प्रकार आधी विचारून घ्या. चकचकीत कागदावर काळा खोल उतरतो, पण त्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं. मॅट कागदावर काळा फिकटतो, पण बघायला शांत वाटतं. मला या विषयाला मॅट आवडतो.

पूर्ण आकारात छापण्याआधी चित्रातली सगळ्यात गडद पट्टी, म्हणजे झग्याचा घेर आणि मागची कमान, तळहाताएवढ्या तुकड्यावर छापून घ्या. तो तुकडा घरी आणा, जिथे चित्र लावणार त्या भिंतीवर चिकटवा आणि संध्याकाळी घरातल्या नेहमीच्या दिव्यात बघा. कमानीचं टोक दिसलं तर पुढची छपाई सांगा. नाही दिसलं तर सहाव्या पायरीवर परत या.